शंभरातले चोवीस



आपल्या या कार्यक्रमात शेळ्यांचं लसीकरण होतं, पीकविमा होतो, लोणच्याच्या बरण्यांचं लेबल होतं. आज बुद्धिबळ आहे. कुठून आलं म्हणाल, तर बैठकीतून आलं. २०२५ च्या जुलैमध्ये नागपूरची दिव्या देशमुख महिलांचा बुद्धिबळ विश्वचषक जिंकली. मोबाइलवर सगळीकडे तिचा फोटो, आईच्या गळ्यात पडून रडतानाचा. त्यानंतर मी ज्या ज्या गटाच्या बैठकीला गेले तिथे कुणीतरी विचारायचंच, "मॅडम, तिचं मानांकन कमी होतं म्हणतात. मग ती जिंकली कशी?" आणि दुसरा प्रश्न लगेच मागून, "पण मानांकन म्हणजे काय ओ?"

दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करते, कारण त्याचं उत्तर कळलं की पहिला प्रश्न निम्मा सुटतो.

आपल्या गटाचं बँक श्रेणीकरण करते, ते आठवा. पंचसूत्रीप्रमाणे बघतात. बैठका वेळेवर झाल्या का, बचत नियमित आहे का, अंतर्गत कर्ज फिरतंय का, परतफेड होते का, वह्या लिहिलेल्या आहेत का. त्यावरून गुण आणि गुणांवरून श्रेणी. आता ही श्रेणी कशाची असते? झालेल्या कामाची. पुढच्या वर्षी गट काय करेल ते त्या कागदावर लिहिलेलं नसतं. बँक फक्त मागचं बघून अंदाज बांधते की या बायकांना कर्ज दिलं तर परत येईल.

बुद्धिबळातलं मानांकन असंच मागच्या डावांचं आहे. ही पद्धत अर्पाद इलो नावाच्या गृहस्थांनी बसवली. जन्म हंगेरीतला, लहानपणीच अमेरिकेत गेले, तिथल्या मिलवॉकी शहरात पदार्थविज्ञान शिकवायचे आणि स्वतः चांगले बुद्धिबळपटू होते. फिडे म्हणजे बुद्धिबळाची जागतिक संघटना. तिने १९७० पासून ही पद्धत घेतली. म्हणून खेळणारी मुलं 'माझं इलो किती' असंही म्हणतात. मानांकन असलेल्या खेळाडूंशी पाच डाव झाले की नव्या खेळाडूला आकडा मिळू शकतो. सध्या १४०० च्या खालचा आकडा यादीत देत नाहीत. दर महिन्याच्या एक तारखेला नवी यादी लागते.

एक घोटाळा इथेच दूर करते. बातम्यांमध्ये 'मानांकन' हा शब्द दोन अर्थांनी येतो. एक हा आकडा, चौदाशे, दोन हजार वगैरे. आणि दुसरं, स्पर्धेच्या सुरुवातीला त्या आकड्यांवरून लावलेली रांग. दिव्याला विश्वचषकात पंधरावं मानांकन होतं असं वाचलं असेल, ती ही रांग. मी आज बोलतेय ते आकड्याबद्दल.

आता गंमत अशी आहे, की तो एकटा आकडा काही सांगत नाही. दोघींच्या आकड्यांतला फरक सांगतो. दोघी सारख्या असल्या तर दोघींनी निम्मे निम्मे गुण घ्यावेत अशी अपेक्षा. बुद्धिबळात जिंकलं तर एक गुण, बरोबरी झाली तर अर्धा, हरलं तर शून्य. फरक शंभराचा असेल, तर वरचीने शंभर डावांत साधारण ६४ गुण घ्यावेत आणि खालचीने ३६. फरक दोनशेचा असेल तर ७६ आणि २४. चारशेचा असेल तर खालचीच्या वाट्याला आठ-नऊ उरतात.

दोनशेवाला आकडा लक्षात ठेवा. शंभरातले चोवीस. बुद्धिबळ खेळणाऱ्या माणसांना विचारलं तर दोनशेचा फरक म्हणजे पुष्कळ, असं सांगतील. समोरच्याचा आकडा दोनशेने मोठा दिसला की पोर निम्मी तिथेच हरते. पण ज्या हिशेबाने तो आकडा काढलाय तोच हिशेब सांगतो, की या खालच्या खेळाडूचे शंभरात चोवीस गुण आहेत. कुणी दया म्हणून दिलेले नाहीत, तिच्या नावावर मांडलेले आहेत. त्यात काही बरोबऱ्या, काही विजय. कुठल्या डावात ते येतील, एवढंच हिशेबाला माहीत नसतं.

आता एका डावाची गोष्ट सांगते. मोठ्या स्पर्धेतला डाव नाही, हौशी खेळाडूंचा आहे. आमच्या एका गटातल्या ताईंची मुलगी नववीत आहे. नाव सांगत नाही, ती लाजेल. शाळेतल्या एका सरांनी तिला खेळायला शिकवलं. जिल्ह्याच्या गावी दोन दिवसांची मानांकन स्पर्धा होती. प्रवेश फी, एसटीचं भाडं, बरोबर आई. आईने गटात अंतर्गत कर्ज मागितलं. एक मावशी म्हणाल्या, "खेळायला कर्ज?" दुसऱ्या म्हणाल्या, "मागच्या महिन्यात बारशाला दिलं तेव्हा कुठे बोललात?" पाच मिनिटं बरीच बोलाचाली झाली. शेवटी सचिवांनी कर्ज नोंदवहीत 'कारण' या रकान्यात 'शिक्षण' असं लिहिलं आणि विषय संपवला. मला ते आवडलं.

तिसऱ्या फेरीत तिच्यासमोर एक काका आले. वय पन्नाशीच्या पुढचं, वर्षानुवर्षं स्पर्धा खेळणारे. तिचा आकडा १४८०, त्यांचा १६८०. बरोबर दोनशेचा फरक. अशा स्पर्धेत पुरुष, बायका, मुलं सगळे एकाच यादीत असतात, जोड्या लागतील तसं खेळायचं. आत पालकांना सोडत नाहीत. ताई बाहेर पायऱ्यांवर डबा घेऊन बसल्या होत्या. मला हा डाव कळला तो त्या मुलीच्या कागदावरून, कारण स्पर्धेत प्रत्येक चाल लिहावी लागते.

बरेच मोहरे मारले गेले होते. पटावर दोन राजे आणि थोडी प्यादी उरली होती. पोरीची पांढरी, काकांची काळी. डोळ्यांसमोर पट आणा. पांढऱ्याच्या बाजूने बघायचं. उभ्या आठ ओळी, डावीकडून मोजायच्या. अगदी डावीकडच्या पहिल्या ओळीत तिचं एक प्यादं होतं, खालून चौथ्या घरात. त्याच्या वाटेत कुणी नाही. प्यादं शेवटच्या घरात पोचलं की त्याचा वजीर होतो, हे तुम्हाला माहीत आहे. माहीत नसेल तर पोरांना विचारा. तिचं दुसरं प्यादं उजवीकडे, सहाव्या ओळीत, एकटं उभं. काकांचा राजा पटाच्या मध्यावर, पाचव्या ओळीत. त्याच्या हाताशी ते एकटं प्यादं. काकांनी राजा उजवीकडे सरकवून ते खाल्लं. फुकटचं प्यादं कोण सोडतं?

आणि खाल्ल्या खाल्ल्या, घड्याळाची कळ दाबण्याआधी, ते म्हणाले, "बरोबरी घ्यायची का, बाळ?"

नियमाप्रमाणे यात काही गैर नाही. आपली चाल करायची, बरोबरी विचारायची, मग घड्याळ दाबायचं. समोरच्याला होय म्हणता येतं, नाही म्हणता येतं, किंवा काही न बोलता पुढची चाल करता येते, तेही नाहीच झालं. कागदावर त्या चालीपुढे कंसात बरोबरचं चिन्ह काढायचं असतं. तिच्या कागदावर ते चिन्ह आहे, जरा वाकडं.

विचार करा, चौदा वर्षांची मुलगी, समोर वडीलधारं माणूस, आवाज प्रेमळ. आपल्याकडे मुलींना काय शिकवलेलं असतं? मोठ्यांनी दिलेलं घ्यावं. त्यात हिशेबही बरोबरीच्याच बाजूचा होता. तो सांगते, कारण खालच्या खेळाडूची खरी परीक्षा तिथेच असते.

प्रत्येक डावानंतर आकडा हलतो, तो असा. मिळालेल्या गुणातून अपेक्षित गुण वजा करायचा आणि त्याला एका ठरावीक संख्येने गुणायचं. अठरा वर्षांखालच्या, अजून तेवीसशेच्या खाली असलेल्या मुलांसाठी ती संख्या ४० आहे. बहुतेक मोठ्या माणसांसाठी २०. चोवीसशे गाठलेल्यांसाठी १०. मुलं लवकर शिकतात म्हणून त्यांचा आकडाही लवकर हलू देतात. तर हिच्या नावावर या डावात अपेक्षित किती होते? ०.२४. हरली असती तर ०.२४ गुणिले ४०, म्हणजे ९.६ कमी झाले असते. बरोबरी घेतली असती तर अर्ध्यातून ०.२४ गेले, राहिले ०.२६, गुणिले ४०, म्हणजे १०.४ वाढले असते. आणि जिंकली तर ०.७६ गुणिले ४०, ३०.४.

बघा, बरोबरीतसुद्धा तिला दहा मिळत होते. घरी येऊन सांगता आलं असतं, सोळाशे ऐंशीवाल्याशी बरोबरी केली. पेढे वाटले असते. म्हणून खालच्या मानांकनाची मुलं मोठ्या खेळाडूने बरोबरी विचारली की हात पुढे करतात, पट न बघता. त्यांनी पटावरची स्थिती तपासलेली नसते, समोरच्याचा आकडा तेवढा बघितलेला असतो.

या पोरीने पट बघितला. तिच्या घड्याळात अकरा मिनिटं होती, त्यातली चार तिने नुसती मोजण्यात घालवली. खरं तर मोजणी सोपी आहे, तुम्हीही कराल. प्याद्याला चौथ्या घरातून आठव्यात जायला चार चाली. चाल तिची. काकांचा राजा आता सहाव्या ओळीत. राजा एका चालीत एकच घर जातो, आडवं, उभं किंवा तिरपं. सहाव्या ओळीतून पहिल्या ओळीच्या कोपऱ्यात जायला त्याला पाच चाली. ती चार, ते पाच. काकांचं प्यादं? अजून जागेवरून हललेलंही नव्हतं. काहीच अडत नव्हतं.

ती काही बोलली नाही. प्यादं एक घर पुढे सरकवलं आणि घड्याळ दाबलं. आणखी तीन चालींत वजीर. काकांनी त्यानंतर थोड्याच वेळात हात मिळवला. भले माणूस, नंतर तिला बाहेर येऊन आईसमोर म्हणाले की पोरगी मोजून खेळते. त्यांचे १५.२ गेले.

पण मग त्यांच्यासारख्या जुन्या खेळाडूला ते दिसलं कसं नाही? मला विचाराल तर त्यांना ते दिसलं, पण प्यादं खाल्ल्यावर. म्हणून तर बरोबरी विचारली. वरच्या मानांकनाचा खेळाडू आपल्याला चांगली वाटणारी स्थिती चालू असताना सहसा बरोबरी विचारत नाही. तो स्वतःहून विचारतोय म्हणजे काहीतरी मोजायला हवं, ही खूण असते. नेहमी नसते, पण मोजायला चार मिनिटं लागतात, तेवढी द्यावीत. आणि मोठ्या आकड्याची अडचण ही, की समोर छोटा आकडा असला की तपासणं कमी होतं. गटात नाही का, जिची परतफेड कायम वेळेवर असते तिची पावती कुणी नीट बघत नाही, आणि चूक निघाली तर तिथेच निघते.

पुढची फेरी ती हरली. सरळ हरली, बाराशे-तेराशेच्या ताकदीच्या एका मुलाकडून, ज्याला अजून आकडाही नव्हता. तेही शंभरातलेच कुठलेतरी गुण.

आता दिव्याकडे वळू, म्हणजे पहिल्या प्रश्नाचं उत्तर पुरं होईल. विश्वचषक जॉर्जिया देशात बाटुमी इथे झाला, काळ्या समुद्राच्या काठचं शहर. जॉर्जिया म्हणजे बायकांच्या बुद्धिबळाचं माहेरच. तिथल्या नोना गाप्रिंदाश्विली १९६२ ते १९७८ जगज्जेत्या होत्या आणि ग्रँडमास्टर हा किताब मिळवणारी जगातली पहिली बाई त्याच.

अंतिम फेरीत दोघीही भारतीय. एकीकडे आंध्रच्या कोनेरू हम्पी, वय ३८, आकडा २५४३. दुसरीकडे दिव्या, वय १९, आकडा २४६३. फरक ८०. आपल्या हिशेबाने दिव्याच्या वाट्याला शंभरात ३९. म्हणजे बातमीत जेवढं 'कमी' वाटतं तेवढं कमी नव्हतंच ते. पहिले दोन मोठे डाव बरोबरीत सुटले. मग जलद डाव, ज्यात घड्याळात मोजकी मिनिटं असतात. त्यातला पहिला पुन्हा बरोबरी. दुसरा दिव्या काळ्या मोहऱ्यांनी खेळत होती, आणि तो तिने जिंकला. एकूण अडीच विरुद्ध दीड. तारीख २८ जुलै.

मला यात दोन गोष्टी मोठ्या वाटतात. एक, जलद बुद्धिबळात हम्पीताई दोनदा जगज्जेत्या आहेत, २०१९ ला आणि २०२४ ला. म्हणजे दिव्या त्यांच्या अंगणात जाऊन जिंकली. दुसरी, तिथपर्यंत येताना ती फक्त एका मोठ्या आकड्याला भिडलेली नाही. चीनची झू जिनेर, आपली हरिका द्रोणवल्ली, मग माजी जगज्जेती तान झोंगयी. तिघींचे आकडे तिच्यापेक्षा जास्त. एकदा घडलं तर नशीब म्हणता येईल. चौथ्यांदा म्हणायला जीभ वळत नाही.

ग्रँडमास्टर होण्याची नेहमीची वाट अशी, की तीन वेगवेगळ्या स्पर्धांत ठरावीक दर्जाची कामगिरी करायची, तिला नॉर्म म्हणतात, आणि आकडा २५०० च्या वर न्यायचा. दिव्याकडे बाटुमीला जाताना एकही नॉर्म नव्हता आणि आकडा २५०० च्या खाली. पण महिला विश्वचषक जिंकणारीला हा किताब थेट मिळतो. ती भारताची ८८ वी ग्रँडमास्टर झाली. या ८८ मध्ये बायका किती? चार. हम्पी, हरिका, वैशाली आणि दिव्या.

हम्पीताईंबद्दल थोडं सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही, कारण हरणारी म्हणून त्यांचं नाव घेऊन सोडून देणं बरं नाही. २००२ मध्ये पंधराव्या वर्षी त्या ग्रँडमास्टर झाल्या, तेव्हा दिव्याचा जन्मही झालेला नव्हता. मग लग्न, २०१७ मध्ये मुलगी झाली, दोनेक वर्षं खेळ थांबला. परत आल्या त्या २०१८ च्या ऑलिम्पियाडला, आणि ते ऑलिम्पियाड याच बाटुमीत होतं. जलदच्या दोन्ही जगज्जेतेपदांची वेळ बघा, दोन्ही मुलगी झाल्यानंतरची आहेत. बाळंतपणानंतर बाईचं काय उरतं म्हणणाऱ्यांना ही तारीख दाखवायला हरकत नाही.

आणि दिव्या आभाळातून पडलेली नाही. महाराष्ट्रात बायकांच्या बुद्धिबळाची वाट जुनी आहे. मुंबईच्या खाडिलकर भगिनी, वासंती, जयश्री आणि रोहिणी. देशातली पहिली महिला राष्ट्रीय स्पर्धा १९७४ मध्ये झाली, ती वासंतीताईंनी जिंकली. रोहिणीताई १९७६ मध्ये, तेरा वर्षांच्या असताना, पुरुषांच्या राष्ट्रीय स्पर्धेत खेळल्या. त्यावर केवढा गदारोळ झाला, प्रकरण न्यायालयापर्यंत गेलं. अखेर फिडेचे तेव्हाचे अध्यक्ष माक्स युवे यांनी सांगितलं, की बाई आहे म्हणून कुणाला अडवता येणार नाही. आमच्या त्या मुलीसमोर तिसऱ्या फेरीत ते काका बसले, ते या निकालानंतरच्या जगात बसले.

बैठकीत एका ताईंनी विचारलं होतं, "मग आकड्याला काही किंमतच नाही का?" आहे की. जोड्या लावायला तो लागतो, मुलगी पुढे सरकतेय का हे वर्षभराने बघायला लागतो, कुठल्या स्पर्धेला पाठवायचं ते ठरवायला लागतो. पैसे मोजके असतील तर सगळ्यांपेक्षा आपणच वरचढ आहोत अशा स्पर्धेत मुलीला सारखं पाठवून आकडा फारसा वाढत नाही, कारण तिथे अपेक्षाच जास्त असते, जिंकून दोन-चार मिळतात आणि हरलं की भसकन जातात. थोड्या वरच्या लोकांत पाठवावं. हरेल, पण चोवीस तिथे आहेत. फक्त डाव सुरू झाला की आकडा बाहेर पायऱ्यांवर, डब्याशेजारी ठेवायचा.

त्या ताईंचं कर्ज चार हप्त्यांत फिटलं. दुसऱ्या एका गटातून परवा विचारणा आली की आमच्याही नोंदवहीत असं 'शिक्षण' लिहिलेलं चालेल का. मी सांगितलं, ठराव करा, सगळ्यांच्या सह्या घ्या, चालेल.

आता एक काम. घरात पट असेल तर मांडा. नसेल तर फरशीवर खडूने चौसष्ट घरं आखा, चिंचोके आणि बाटलीची झाकणं घ्या. पांढरं प्यादं डावीकडच्या पहिल्या ओळीत, खालून चौथ्या घरात. काळा राजा सहाव्या ओळीत, तोही खालून चौथ्या घरात. पांढरा राजा उजव्या कोपऱ्यात लांब ठेवा, तो मधे येत नाही. पहिली चाल प्याद्याची. खेळून बघा, राजा पोचत नाही. मग सगळं पुन्हा मांडा आणि काळा राजा फक्त एक घर डावीकडे, पाचव्या ओळीत ठेवा, जिथे तो प्यादं खायच्या आधी होता. पहिली चाल पुन्हा प्याद्याचीच. आता काय होतं ते मुलींना विचारा, आणि उत्तर पुढच्या बैठकीत मला सांगा.

नमस्कार.